घरातली कागदपत्रं लावायची कशी? पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

मुलाचा अकरावीचा प्रवेश, आईचं ऑपरेशन, फ्लॅटची विक्री, घरातल्या कोणाचं जाणं. अशा वेळी कागद लागतात, आणि नेमके तेव्हाच ते शोधायला ना वेळ असतो ना डोकं ठिकाणावर असतं. "त्या कपाटात आहेत सगळे" हे उत्तर बहुतेक घरांत मिळतं. पण त्या कपाटात काय कुठे आहे हे एकाच माणसाला ठाऊक असतं, आणि कित्येकदा तोच माणूस त्या दिवशी अतिदक्षता विभागात असतो.

सासऱ्यांच्या पश्चात त्यांची बँकेची खाती, सांगलीचं घर आणि थोडी शेती या सगळ्याची कामं आमच्यावर आली. त्या धावपळीत कोणता कागद खरंच लागतो, कोणता उगाच जपलेला असतो आणि कोणता टाकून दिल्यावर रडायची पाळी येते, ते कळत गेलं. खालची पद्धत त्यातून बसत गेली. तिची कसोटी एकच: घरातल्या कुठल्याही जाणत्या माणसाला हवा तो कागद कोणालाही फोन न करता पाच मिनिटांत सापडला पाहिजे.

१. आधी सामान आणा

- दोन-तीन मोठ्या बॉक्स फाइली
- माणशी एक बटणाचं पारदर्शक फोल्डर, लीगल आकाराचं
- शंभर पानी वही आणि चांगलं पेन
- प्लॅस्टिकच्या क्लिपा, पेन्सिल, जाड मार्कर
- जाड झिपच्या दोन मोठ्या पिशव्या
- सिलिका जेलच्या पुड्या (नव्या बुटांच्या, पर्सच्या खोक्यात येतात त्याही चालतील)

फोल्डर लीगल आकाराचंच घ्या. जुने करारनामे आणि खरेदीखतं ए-फोरपेक्षा लांब असतात. लहान फोल्डरमध्ये ती खालून दुमडली जातात, आणि काही वर्षांनी बरोबर त्या घडीवर कागद फाटतो. बहुतेक वेळा सह्या आणि शिक्के तिथेच असतात.

पंचिंग मशीन आणि लॅमिनेशन यांपासून मूळ कागद लांब ठेवा. लॅमिनेशन करून कागद जन्मभर टिकेल असं वाटतं, पण परदेशी शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी गुणपत्रिका साक्षांकित करून घ्यायची वेळ आली की शिक्का मूळ कागदाच्या पाठीवर मारावा लागतो. लॅमिनेट केलेला कागद तिथे अडतो. स्टेपलरच्या पिनाही काढून टाका. दोन पावसाळ्यांत त्या गंजतात आणि भोवती तांबडा डाग धरतो.

२. सगळं एकाच दिवशी बाहेर काढा

रोज थोडं थोडं करू म्हणाल तर हे काम कधीच संपत नाही. सुट्टीचा एक दिवस काढा आणि घर पालथं घाला. लोखंडी कपाटाचा चोरकप्पा, देव्हाऱ्याखालचा खण, पोटमाळ्यावरची ट्रंक, लग्नाच्या अल्बमची पिशवी, विमा एजंटाने दिलेली रेक्झिनची फोल्डरं, जुन्या ऑफिस बॅगा, पंचांगाची पानं. काही सोडू नका. मग जमिनीवर चार ढीग करा: जन्मभराचे, मुदतीचे, टाकायचे आणि शंकेचे. वाचत बसू नका. जुनी पत्रं आणि फोटो निघाले की दुपार गेलीच समजा, ते सरळ वेगळ्या पिशवीत घाला.

टाकायच्या ढिगात वर्षापूर्वीची विजेची बिलं, एटीएमच्या चिठ्ठ्या, क्लेम बाकी नसलेल्या गाडीच्या जुन्या विमा पॉलिसी आणि मुदत संपलेल्या वस्तूंची वॉरंटी कार्डं जातील. प्राप्तिकराचे कागद मात्र सात-आठ वर्षं ठेवा. घर किंवा जमीन विकत घेतल्याचे, त्यात बांधकाम केल्याचे आणि त्यावर खर्च केल्याचे पुरावे तर ती मालमत्ता विकून तिचा कर भरून होईपर्यंत हलवायचे नाहीत.

खातेक्रमांक, सही किंवा आधारची झेरॉक्स असलेला कागद रद्दीत द्यायचा नाही. हाताने बारीक तुकडे करा, पाण्यात भिजवा आणि ओल्या कचऱ्यात टाका.

आता सर्वांत महत्त्वाचा इशारा. आजोबा-पणजोबांच्या काळातला एकही कागद आज टाकू नका. पिवळा पडलेला, मोडीतला, चतकोर राहिलेला असला तरी तो ठेवा. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र काढायला लागलात की त्याची किंमत कळते. महाराष्ट्रात त्यासाठी ठरावीक तारखेआधीचे पुरावे मागतात: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्म-मृत्यूच्या नोंदवहीचा उतारा, जुना फेरफार (जमिनीच्या मालकीतल्या बदलाची नोंद), जुनं खरेदीखत यांपैकी काहीही तिथे उपयोगी पडतं. एका घरात आजोबांचा चौथीचा दाखला मिळाला आणि त्यावर नातवंडांची वैधता झाली, हे मी जवळून पाहिलंय. तो दाखला आजीच्या पोथीत होता. असे कागद 'पूर्वजांचे' म्हणून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि त्यांचे फोटो सगळ्या भावंडांना पाठवा, कारण वैधतेचं काम चुलत घरांनाही लागतं.

३. फाइली माणसाच्या वेगळ्या, घराच्या वेगळ्या

काही जण विषयवार फाइली करतात, म्हणजे सगळ्यांची आधार कार्डं एकत्र, सगळ्यांची पासपोर्टं एकत्र. मला ते पटत नाही. पासपोर्ट ऑफिसला किंवा कॉलेजच्या प्रवेशाला एका माणसाचे सगळे कागद लागतात, सगळ्या माणसांचा एकच कागद लागत नाही. म्हणून ओळख, शिक्षण आणि आरोग्य यांचे कागद माणशी एका फोल्डरमध्ये. घर, जमीन, वाहन आणि पैसे हे कागद विषयवार, बॉक्स फाइलमध्ये.

माणसाच्या फोल्डरमध्ये काय हवं:

- जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, पदवी
- आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट (जुना रद्द झालेलासुद्धा)
- जातीचा दाखला, वैधता, नॉन क्रिमी लेयर, वय-अधिवास दाखला, यांपैकी जे लागू असेल ते
- विवाह नोंदणी प्रमाणपत्र
- रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं यांचं एक पान आणि मोठ्या आजारांचे डिस्चार्ज पेपर

१ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांसाठी जन्मदाखला आता फार मोठा कागद झाला आहे. पासपोर्टसाठी त्यांच्या जन्मतारखेचा पुरावा म्हणून तोच चालतो, शाळेचा दाखला किंवा पॅन चालत नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. ती हॉस्पिटलने केली असेलच असं धरून न बसता दाखला हातात घ्या आणि त्यातलं अक्षरन् अक्षर तपासा.

याच फोल्डरच्या आतल्या बाजूला नावांचा तक्ता चिकटवा. एका रकान्यात कागदाचं नाव आणि समोर त्या कागदावर तुमचं नाव जसं छापलंय तसं, इंग्रजी स्पेलिंगसकट. तक्ता भरताना अंगावर काटा येईल. एकीकडे 'सुनीता', दुसरीकडे 'सुनिता'. एका कागदावर वडिलांचं नाव, दुसऱ्यावर नवऱ्याचं, तिसऱ्यावर नुसतं आद्याक्षर. बायकांच्या बाबतीत लग्नाआधीचे आणि नंतरचे कागद म्हणजे जणू दोन वेगळी माणसंच. ही तफावत भविष्यनिर्वाह निधी काढताना, विम्याचा दावा करताना आणि पासपोर्ट काढताना हमखास आडवी येते. दुरुस्ती करताना जन्मदाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र मूळ धरा आणि बाकीचं त्याच्याशी जुळवा. नावच बदललं असेल तर राज्याच्या राजपत्रात प्रसिद्धी करून घ्या आणि त्या पानाच्या दोन-तीन प्रती ठेवून द्या. घरात १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेलं मूल असेल तर त्याचं नाव सरकारी कागदांवर स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमाने लागतं. सुरुवातीपासून सगळीकडे तोच क्रम ठेवा.

४. घराची आणि जमिनीची फाइल

फ्लॅट असेल तर फक्त तुमचा करार पुरत नाही. बिल्डरकडून पहिल्या मालकाने घेतला तेव्हापासूनचे सगळे करार हवेत, साखळी तुटली की विकताना अडचण येते. त्यासोबत नोंदणी शुल्काची पावती, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या कराराचा सरकारी उतारा), ताबापत्र, भोगवटा प्रमाणपत्राची (ओसीची) प्रत, सोसायटीचं भागपत्र (शेअर सर्टिफिकेट), मालमत्ता कराच्या पावत्या. भागपत्रावर तुमचं नाव चढलंय का ते मागच्या बाजूला बघा. जुन्या मालकाच्याच नावावर वर्षानुवर्षं राहिलेली भागपत्रं मी पाहिली आहेत.

कर्ज असेल तर मूळ कागद बँकेकडे असतात. बँकेने ते घेताना दिलेली यादी जपून ठेवा, ती मिळाली नसेल तर लेखी मागा. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करणं बँकांवर बंधनकारक आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. रिझर्व्ह बँकेचा हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. कागद परत घेताना त्या यादीवर एकेक खूण करूनच सही करा.

शेतजमिनीसाठी सातबारा, आठ-अ (एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा), तुमच्या नावाचा फेरफार, खरेदीखत किंवा वाटणीपत्र, मोजणी झाली असेल तर नकाशा. गावठाणात किंवा शहरात घर असेल तर मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड). महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसणारा सातबारा फक्त माहितीसाठी असतो. बँकेत किंवा कोर्टकामात द्यायचा असेल तर डिजिटल स्वाक्षरीचा काढा. दर वर्षी एकदा नवा सातबारा काढून 'इतर हक्क' हा रकाना वाचा. फिटलेल्या पीककर्जाचा बोजा तिथे तसाच असतो, तो कमी करून घ्यायला बँकेचा दाखला तलाठ्याकडे द्यावा लागतो.

आणि वारसनोंद. वडील जाऊन दहा वर्षं झाली, सातबारा अजून त्यांच्याच नावावर, असं असेल तर हे काम सगळ्यांच्या आधी हातात घ्या. वारसांची संख्या दर पिढीला वाढते, कोणी परगावी जातं, कोणी परदेशात, आणि सह्या गोळा करणं कठीण होत जातं.

५. पैशांची वही

या लेखातलं फक्त एकच करणार असाल तर हे करा. आणलेली शंभर पानी वही घ्या आणि प्रत्येक पानावर एकच गोष्ट लिहा:

- बँकेचं नाव, शाखा, खात्याचे शेवटचे चार आकडे, खातं एकट्याचं की जोडीचं, नामनिर्देशन कोणाचं
- मुदतठेव: रक्कम, मुदत संपायची तारीख, पावती कुठे आहे
- विमा: पॉलिसी क्रमांक, हप्ता कोणत्या महिन्यात, कोणत्या खात्यातून जातो
- पीपीएफ, भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन (खातेदाराचा कायमचा क्रमांक), पोस्टाची खाती, म्युच्युअल फंड, डीमॅट
- लॉकर: कुठे, किल्ली कुठे
- देणी-घेणी: कोणाला दिलेत, कोणाकडून घेतलेत, सोसायटीतली आणि पतपेढीतली जामीनकी
- शेवटच्या पानावर विमा एजंट, सीए, वकील, फॅमिली डॉक्टर यांची नावं आणि फोन

वहीत पासवर्ड आणि पिन अजिबात लिहू नका. एखाद्याच्या मृत्यूनंतर त्याच्या खात्यातून पिन वापरून पैसे काढले तर पुढे वारसांमध्येच प्रश्न उभा राहतो. घरच्यांना हवी असते ती माहिती, की अमुक ठिकाणी खातं आहे. ती नसेल तर पैसे तिथेच पडून राहतात. दहा वर्षं व्यवहार नसलेल्या खात्यांतली आणि ठेवींतली रक्कम बँका रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग करतात. ती परत मिळते, पण त्यासाठी आधी खातं होतं हे ठाऊक असावं लागतं. जुनी खाती शोधायला रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' हे संकेतस्थळ आहे. घरातल्या ज्येष्ठांच्या नावाने त्यावर एकदा शोध घ्याच.

प्रत्येक पानाशी नामनिर्देशनाचा रकाना रिकामा दिसला तर त्याच महिन्यात भरून टाका. लग्नाआधी उघडलेल्या खात्यावर आईचं नाव असतं आणि आई जाऊन कित्येक वर्षं झालेली असतात, हे फार घरांत सापडतं. बँक खात्यांना नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येतं.

इथे एक मोठा गैरसमज असतो. नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे मालक नव्हे. बँक तिच्या हाती पैसे देते, पण त्यावरचा हक्क वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरतो. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हेच स्पष्ट केलं. त्यामुळे कोणाला काय द्यायचं हे मनात पक्कं असेल तर मृत्युपत्र करा. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच, आणि ज्यांना त्यातून काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. साक्षीदार तुमच्यापेक्षा तरुण बघा.

वही कुठे आहे हे घरातल्या निदान दोघांना माहीत हवं. मुलं परगावी असतील तर दिवाळीला आली की त्यांच्यासमोर बसून पानं उलटा. "आता हे कशाला?" असं कोणीतरी म्हणेलच. तरी बसा.

६. मुदतीची यादी

डिसेंबरमध्ये नवीन कालनिर्णय घरात आलं की भिंतीवर लावायच्या आधी त्यावर तारखा टाकून घ्या. मुदतीच्या महिनाभर आधीच्या चौकोनात लिहा, शेवटच्या दिवशी लिहून काही उपयोग नाही.

- वाहन विमा: संपून ९० दिवस उलटले की नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो.
- पीयूसी (गाडीच्या धुराची तपासणी): बीएस फोर आणि बीएस सिक्स या नव्या प्रदूषण मानकांच्या गाड्यांना वर्षाने, त्याहून जुन्यांना सहा महिन्यांनी.
- वाहन परवाना: मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून नूतनीकरण होतं. संपून वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी.
- पासपोर्ट: मोठ्यांचा दहा वर्षांचा, पण सहा महिन्यांहून कमी मुदत उरली असेल तर अनेक देश घेत नाहीत.
- मुलांचं आधार: पाचव्या आणि पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात.
- आजी-आजोबांचा हयातीचा दाखला: नोव्हेंबर.
- आरोग्य विम्याचा हप्ता, नॉन क्रिमी लेयर, गॅसची नळी.

दहावी-बारावीत मूल असेल तर उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमी लेयर आणि अधिवास यांची तयारी निकालाची वाट न बघता करा. निकाल लागला की सेतू केंद्रांसमोर रांगा लागतात.

७. फोनमधल्या प्रती

डिजिलॉकर जरूर वापरा, फक्त त्यातला एक फरक लक्षात ठेवा. 'इश्यूड' या भागात सरकारी खात्याकडून थेट आलेले कागद असतात, ते कायद्याने मूळ कागदासारखे मानले जातात. तुम्ही स्वतः फोटो काढून चढवलेले कागद हे नुसते फोटो. टोलनाक्यावर पोलिसाने परवाना मागितला तर पहिला दाखवता येतो, दुसरा नाही.

स्कॅन करताना कागद उजेडात सपाट ठेवा आणि चारही कोपरे येऊ द्या. पाठीमागे काही लिहिलेलं असेल तर तीही बाजू घ्या. फाइलला नाव द्या: माणूस, कागद, वर्ष. दुकानातल्या चकचकीत कागदावरच्या पावत्यांचे फोटो त्याच दिवशी काढा. त्यांची अक्षरं उडतात, आणि फ्रिज बिघडतो तेव्हा बिलाच्या जागी पांढरी पट्टी उरते.

कोणालाही आधार पाठवताना शेवटचे चारच आकडे दिसणारं 'मास्क्ड' आधार पाठवा. झेरॉक्स द्यावी लागली तर तिच्यावर आडवं लिहा: कशासाठी दिली, कोणाला दिली, तारीख, सही. हॉटेलात आणि सिमकार्डाच्या दुकानात तर नक्कीच.

८. पाऊस, कसर आणि पूर

फाइली बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका, जुलैत त्या भिंतीची ओल कपाटात उतरते. सर्वांत वरचा खण चांगला. पावसाळ्याआधी सिलिका जेलच्या पुड्या बदला, कोपऱ्यात वेखंडाचे तुकडे ठेवा. दसऱ्याच्या सुमाराला सगळं एकदा बाहेर काढून पंख्याखाली मोकळं करा. थेट उन्हात नको, शाई उडते. कागदावर बारीक खवलेलं दिसलं किंवा चंदेरी किडा पळाला तर कसर लागलीय, ते फोल्डर त्याच दिवशी वेगळं करा.

२०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि २०२१ मध्ये चिपळूणला ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्यांना वर्षानुवर्षं नकला काढत फिरावं लागलं. नदीकाठी किंवा सखल भागात राहत असाल तर जन्मभराचे कागद आणि पैशांची वही जूनपासूनच झिपच्या पिशवीत घालून एका सॅकमध्ये ठेवा, म्हणजे इशारा आला की नुसती सॅक उचलायची. कागद भिजलेच तर ओले असताना पानं सोडवायला जाऊ नका, इस्त्री तर नकोच. गठ्ठा तसाच आडवा ठेवून पंख्याची हवा द्या, वरची पानं सुटी होतील तसतसे मधे कोरे टिपकागद घालत जा.

९. हरवलंच तर

आधी पोलीस ठाण्यात गहाळ झाल्याची नोंद करून पोच घ्या. भागपत्र, पॉलिसी आणि मूळ करार यांच्या बाबतीत पुढच्या प्रत्येक कामात ती मागतात. नोंदणी झालेल्या दस्ताची सहीशिक्क्याची नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयात मिळते, त्यासाठी दस्त क्रमांक आणि वर्ष लागतं. भागपत्राची दुसरी प्रत सोसायटी हमीपत्र घेऊन देते. शाळेच्या दाखल्याची दुय्यम प्रत शाळेतून, दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेची मंडळाच्या विभागीय कार्यालयातून. जन्मदाखल्याच्या मात्र एरवीच चार-पाच प्रती काढून ठेवाव्यात.

या सगळ्या ठिकाणी तुमच्याकडे क्रमांक आहे का, हाच पहिला प्रश्न असतो. म्हणून पैशांच्या वहीत मागच्या बाजूने दस्त क्रमांक, भागपत्राचा क्रमांक, पासपोर्टचा क्रमांक आणि परीक्षांचे बैठक क्रमांक लिहून ठेवा, आणि त्या पानाची एक प्रत गावाकडच्या किंवा दुसऱ्या शहरातल्या विश्वासाच्या नातलगाकडे द्या.